रिम्मोनाचं देऊळ

“भाकरीत काय घातलंस?” आईनं विचारलं.

“मीठ.”

“नुसतं मीठ?”

“नुसतं मीठ. बघ तोडून.”

आईनं खरंच भाकरीचा कोपरा तोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. भाकरी चांगली होती. त्यामुळे ती आणखीच गोंधळली.

“मग त्या बाईकडे चाललीस कशाला?”

“शास्त्रात लिहिलंय, आई. शत्रू भुकेला असला तर त्याला जेवू घाल. तसं केलं की त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होते.”

आईनं जरा विचार केला. “किती दिवसांत होते?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग रोज जा,” आई म्हणाली आणि फडक्याची गाठ तिनं स्वतः घट्ट बांधून दिली.

ही गोष्ट १९६१ सालच्या ऑगस्टमधली. मला आता चौऱ्याऐंशीवं चालू आहे. सकाळी औषध घेतलं की नाही हे मला आठवत नाही, पण त्या फडक्याचा निळा काठ आठवतो. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आमच्या गावातल्या मिशनच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. घरात मी आणि आई, दोघीच.

ती बाई म्हणजे मार्थाबाई. आमच्या चर्चच्या मंडळीची बायबलबाई. घरोघर जायचं, बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं, कुणाचं मूल आजारी असलं तर उशाशी बसून प्रार्थना करायची, हे तिचं काम. चर्चच्या मागची एक खोली मिशननं तिला राहायला दिली होती. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. सबंध गाव तिला मान देई.

याच बाईनं चार वर्षांपूर्वी मंडळीच्या सभेत उभं राहून साक्ष दिली होती, की दानीएल मास्तर मरीआईच्या देवळात वाकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दानीएल मास्तर म्हणजे माझे वडील. शाळेचे मुख्य गुरुजी आणि चर्चच्या गायनाचे पुढारी. त्या एका साक्षीवर मंडळीच्या पंचांनी त्यांना प्रभुभोजनातून, म्हणजे येशूच्या नावानं भाकर वाटून घ्यायच्या विधीतून, बंद केलं. “पाप झालं असं सगळ्यांसमोर म्हणा, म्हणजे परत घेऊ,” असं त्यांना सांगण्यात आलं. वडील म्हणाले, “मला काही म्हणायचं नाही.” आठ महिन्यांनी ते वारले. त्यांना नेलं तेव्हा चर्चची घंटा वाजली नाही. त्या आठ महिन्यांत ते घरातसुद्धा गायले नाहीत.

सभा झाली तेव्हा मी नगरला मिशनच्या दवाखान्यात विषमज्वरानं पडले होते. मी घरी आले तोवर सगळं उरकलं होतं. आईनं मला एवढंच सांगितलं, “तुझे वडील तिथं गेलेच नव्हते. ती बाई खोटं बोलली.” मी ते वाक्य चार वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं.

आणि त्या ऑगस्टमध्ये मार्थाबाई विहिरीच्या पायरीवरून पडली. पाय मोडला, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर पडलं. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की बायकांनी पाळीपाळीनं तिला संध्याकाळचं जेवण पोचवावं. हे पाळक नवे होते, जुनं काही त्यांना ठाऊक नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मंगळवार आणि शुक्रवार माझे.” बायकांच्या बाजूला माना वळल्या. मग शीलास पंचांची बायको शेजारणीच्या कानाशी लागली, “बघितलंस? शेवटी मास्तरांची लेक आहे. मन मोठं.”

माझं मन किती मोठं होतं ते मलाच माहीत.

*

पहिल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मी गेले. दार उघडंच होतं. मार्थाबाई खाटेवर बसली होती, प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून.

“कोण?”

“दानीएल मास्तरांची रिबका.”

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “सलाम, पोरी. बस.”

मी ताटली तिच्या मांडीवर ठेवली. तिनं सगळं खाल्लं, ताटली बोटानं पुसून घेतली. मी तिच्या डोक्याकडे बघत होते. पांढरे केस, मधोमध भांग. निखारा एकही नाही.

“मीठ बरोबर पडलंय,” ती म्हणाली. मग उशाचं शास्त्र चाचपून तिनं माझ्यापुढे केलं. “चष्म्याची काच तडकलीय. जरा वाचून दाखवतेस?”

“काय वाचू?”

“तुझ्या मनाला येईल ते.”

या बाईनं आपण होऊन माझ्या हातात कोयता दिला होता.

मी नाबोथाची गोष्ट काढली. राजा अहाबाला नाबोथाचा मळा हवा असतो. मग त्याची राणी दोन खोटे साक्षीदार उभे करते. ‘यानं देवाची निंदा केली,’ असं ते सगळ्यांसमोर म्हणतात, आणि नाबोथाला दगड मारून ठार करतात. ‘साक्षीदार’ हा शब्द आला की मी थांबायची आणि तिच्या तोंडाकडे बघायची. नाबोथ मेला तिथं मी शास्त्र मिटलं.

“पुढं?” मार्थाबाई म्हणाली.

“मला एवढंच वाचायचं होतं.”

“अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही, पोरी. माझ्या घरात नाही.”

मी पुढं वाचलं. नाबोथाचं रक्त चाटलं तिथंच कुत्री तुझं रक्त चाटतील, असं संदेष्टा राजाला सांगतो. ते मी फार मजेनं वाचलं. पण अध्याय तिथं संपत नव्हता. राजानं कपडे फाडले, गोणपाट नेसला, मान खाली घालून चालू लागला. आणि देव म्हणाला, बघ, हा नमला, याच्या हयातीत मी ते अरिष्ट आणणार नाही. संडे स्कूलमध्ये आम्हाला कुत्र्यांपर्यंतच शिकवलं होतं.

“एवढा वाईट राजा,” मार्थाबाई म्हणाली, “आणि देवानं त्यालाही मुदत दिली. मला नेहमी राग येतो या शेवटाचा.”

“मला पण,” असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी ताटली उचलून चालू लागले.

शुक्रवारी मी मोशेचं नियमशास्त्र काढलं. एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून कुणाला दोषी ठरवू नका, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं.

“ऐकू येतंय गं,” मार्थाबाई म्हणाली. “हे पंचांनी वाचायला हवं होतं.”

मी दातओठ खात शेवटापर्यंत गेले. खोट्या साक्षीदारानं दुसऱ्याचं जे करायचं मनात आणलं तेच त्याचं करा. जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात.

“आज शेवट तुझ्या बाजूनं लागला,” ती म्हणाली, आणि बोळकं पसरून हसली. “पण दात तर आधीच गेलेत बघ.”

घरी आल्यावर आईनं विचारलं, “निखारे?”

“हसते ती.”

“हसू दे. भाजायला वेळ लागतो.”

पुढच्या आठवड्यात मी एकशे नववं स्तोत्र काढलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, शास्त्रात त्याच्याइतके जळजळीत शाप दुसरीकडे नाहीत. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची जागा दुसरा घेवो, त्याच्यावर दया करणारा कुणी न उरो. तापलेलं तेल ओतावं तसं मी ते सावकाश वाचत होते. मार्थाबाईचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एके ठिकाणी तिनं मला अडवलं, “एक ओळ गाळलीस.” बघते तर खरंच गाळली होती. मी ती वाचली. तिला स्वतःसाठी सबंध शाप हवा होता की काय, कोण जाणे.

आणि मग, मी बेसावध असताना, स्तोत्र माझ्याकडेच वळलं. ‘मी दीन आणि दरिद्री आहे, माझं काळीज आतल्या आत घायाळ झालं आहे.’ ही ओळ तिच्यावर फेकायची नव्हती. ही माझी होती. माझा आवाज फाटला. पुढचं अक्षर निघेना.

“पाणी पी,” मार्थाबाई म्हणाली. “माठ दाराशी आहे.”

त्या दिवसाइतका मला तिचा राग कधी आला नव्हता. मी तिच्याच माठातलं पाणी प्याले आणि स्तोत्र पुरं केलं.

*

पाचव्या आठवड्यात तिच्या खोलीत झाडू मारताना मला फळीवर तिचा चष्मा सापडला. दोन्ही काचा धड होत्या. त्यांच्यावर धूळ बसली होती.

मी तो होता तिथंच ठेवला. खाटेशी येऊन बसले आणि म्हटलं, “आज तुम्ही वाचा, मार्थाबाई. फार दिवस झाले तुमच्या तोंडून ऐकून.”

“योहानाचं शुभवर्तमान उघडून दे. तिसरा अध्याय.”

मी मुद्दाम विलापगीतांचं पान उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ओळींवरून बोट फिरवत फिरवत योहानाचा तिसरा अध्याय म्हटला. एक शब्द चुकला नाही.

मला सगळा उलगडा झाला. विहिरीची पायरी कशी चुकली, हातात शास्त्र असून ती वाचायला दुसऱ्याला का सांगते, ओठ का हलतात. ही बाई आंधळी झाली होती आणि सगळ्या मंडळीपासून ते लपवत होती. बायबलबाईला दिसत नाही म्हटल्यावर मिशन तिला खोलीत किती दिवस ठेवणार? पण मला तेवढ्यानं भागणार नव्हतं. मरीआईचं देऊळ ओढ्यापलीकडे, रस्त्यापासून शंभर पावलं. आज हिला मांडीवरचं पान दिसत नाही, तर चार वर्षांपूर्वी हिला ओढ्यापलीकडचं काय दिसलं असेल?

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची सभा भरे. कुणाचं कुणाशी वितुष्ट असेल तर ते तिथं उभं राहून बोलायचं, मिटवायचं आणि मगच रविवारी यायचं, असा रिवाज. मी ठरवलं, भर सभेत तिच्या हातात शास्त्र द्यायचं आणि म्हणायचं, ‘वाचा. मी सांगते तिथलं वाचा.’

हा बेत मी आईला सांगितला तेव्हा ती पीठ चाळत होती. तिचा हात थांबला.

“ते डोळ्यांचं राहू दे गं,” ती म्हणाली. “दुसरं काहीतरी काढ.”

“दुसरं कशाला? हेच तर हवं होतं आपल्याला!”

आई पुन्हा चाळू लागली. मला वाटलं, आई म्हातारी झाली.

*

शनिवारच्या आधीचा तो शुक्रवार. मार्थाबाईचं प्लॅस्टर काढलं होतं. शेवटचा वार म्हणून मी गेहजीची गोष्ट निवडून ठेवली होती. अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी खोटं बोलतो आणि कोडानं पांढराफटक होतो. तो प्रसंग अध्यायाच्या अगदी शेवटी आहे. म्हणजे आज पुढं वाचायला लावून ती मला काही चकवू शकणार नव्हती.

त्या अध्यायाची सुरुवात नामान सेनापतीची. परक्या मुलखातला, परक्या देवाचा माणूस. त्याला कोड होतं. अलीशाच्या सांगण्यावरून तो यार्देन नदीत सात बुड्या मारतो आणि बरा होतो. मी ते भरभर वाचत सुटले. गेहजी अजून पानभर लांब होता.

“थांब,” मार्थाबाई म्हणाली.

ती गाळलेली ओळ सोडली तर सहा आठवड्यांत तिनं मला मधेच कधी थांबवलं नव्हतं.

“आत्ताचं परत वाच. सावकाश.”

मी मागं गेले. बरा झालेला नामान अलीशाला म्हणतो, यापुढं मी तुझ्या देवावाचून कुणाला भजणार नाही. पण एक गोष्ट आहे. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात पूजेला जातो तेव्हा तो माझ्या हातावर टेकतो, आणि तो वाकला की मलाही वाकावं लागतं. तेवढ्या एका गोष्टीची परमेश्वरानं मला क्षमा करावी.

“अलीशा काय म्हणाला?”

“‘शांतीनं जा.’”

“आणखी?”

मी पुढची ओळ पाहिली. “आणखी काही नाही. एवढंच.”

“एवढंच,” मार्थाबाई म्हणाली. “हा अध्याय मी घरोघर शंभरदा सांगितला असेल. बायकांना त्या सात बुड्या आवडतात. हे वाक्य मात्र मी कधीच सांगितलं नाही. म्हटलं, नव्या विश्वासातल्या बायका, उगाच घोटाळा होईल. आपणच गाळायचं. गाळता गाळता मीच विसरले.”

मला तिचं हे धीरगंभीर बोलणं सहन होईना. “पुरे करा, मार्थाबाई! तुम्हाला दिसत नाही हे मला कळलंय. उद्या सभेत सगळ्यांना कळेल.”

“तुला कळलंय हे मला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात तू योहान म्हणून भलतंच उघडून दिलंस.”

“कसं कळलं?”

“योहान शेवटाकडे असतो, पोरी. डाव्या हाताला पानांचं वजन जास्त लागतं. तू दिलंस ते मधलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुला बघायचं होतं ना, मला दिसतं का? बघू दिलं.”

“म्हणजे तेव्हाही तुम्हाला काही दिसलं नव्हतं! वडील देवळात—”

“चार वर्षांपूर्वी मी सुईत दोरा ओवत होते,” ती म्हणाली. “मी मास्तरांना पाहिलं. ते देवळात होते आणि ते वाकले. त्यांची आई त्यांच्या हातावर टेकलेली होती.”

माझी आजी, वडिलांची आई, कधी ख्रिस्ती झाली नाही. ती जुन्या आळीत वेगळी राहायची. माझ्या आजारपणानंतर सहा महिन्यांत ती गेली होती.

“तू तिकडे दवाखान्यात होतीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता आमच्या हातात काही नाही. म्हातारीनं तुझ्यासाठी नवस बोलला. तिला ओढा ओलांडता येईना. मास्तरांनी हाताला धरून नेलं. ती खाली वाकायला लागली, तोल जायला लागला, तसे तेही तिच्याबरोबर वाकले. तिला धरून. मी रस्त्यावरून बघत होते. म्हातारी मोठ्यानं तुझं नाव घेत होती.”

नामानाच्या ओळीवर माझं बोट तसंच होतं.

“हे सभेत का नाही सांगितलंत?”

“पंचांनी विचारलं, मास्तर देवळात वाकले का? मी म्हटलं, वाकले. म्हातारीचं कुणी विचारलं नाही.”

“आणि तुम्हाला आपण होऊन सांगता आलं नसतं?”

“आलं असतं.” ती खाटेच्या दोऱ्या बोटांनी चाचपत होती. “त्याच्या आदल्या नाताळात मास्तरांनी मला गायनातून काढलं होतं. ‘मार्थाबाई, आवाज फाटला, आता बसा,’ असं सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी. रागापायी तू माझ्यासाठी सहा आठवडे भाकरी थापलीस. मी एक वाक्य गिळलं. मला वाटलं होतं, चार दिवस बाहेर बसतील, मग म्हणतील झालं पाप, येतील परत. मला काय ठाऊक ते तोंडच उघडणार नाहीत! म्हातारीवर ढकलायचं नव्हतं त्यांना. आणि पाप केलं असंही म्हणायचं नव्हतं.”

मी उठले. शास्त्र खाटेवर आपटलं.

“उद्या मला हाताला धरून सभेला ने,” मार्थाबाई म्हणाली.

“मी का म्हणून?”

“मला दिसत नाही म्हणून. आणि मी बोलेन ते तुला ऐकायचं आहे म्हणून.” तिनं शास्त्र चाचपून परत माझ्याकडे सरकवलं. “गेहजीचं राहिलंय. वाच.”

जे वाचायला मी सहा आठवडे वाट पाहिली होती ते मी उभ्यानंच उरकलं. काय वाचलं ते मला कळलं नाही.

घरी येऊन मी आईला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

आई भाकरी थापत होती. “तू वाचलीस,” ती म्हणाली. “हे तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आपण वाचलो म्हणून वडील गेले. त्यापेक्षा तुला राग राग करायला ती बाई होती. माणसाला रागावर जगता येतं गं. त्या दुसऱ्यावर नाही जगता येत.”

*

मी मार्थाबाईला हाताला धरून नेलं. तिचा सगळा भार माझ्या मनगटावर होता. सभेत ती उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. डोळ्यांचं, म्हातारीचं आणि गायनातून काढल्याचंही. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

मला वाटलं होतं, छप्पर उडेल. शीलास पंच खाकरले. चार वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

“मार्थाबाई, बसा आता. मेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढता? उद्या प्रभुभोजन आहे.”

दोन-तीन माना हलल्या. एवढ्यावर ते मिटवून चहाला जाणार होते. तेव्हा मी उभी राहिले. मी तिच्यासाठी नाही उभी राहिले. मला पंचांचे दात पाडायचे होते. मी तो अध्याय उघडला आणि नामानाचं बोलणं आणि अलीशाचं उत्तर मोठ्यानं वाचलं, वडिलांनी शिकवलं तसं, शेवटच्या ओळीतल्या माणसालाही ऐकू जाईल असं. मग विचारलं, “शीलासकाका, संदेष्ट्याला जमलं ते तुम्हाला का नाही जमलं?”

पंचांनी पाळकांकडे बघितलं आणि पाळकांनी जमिनीकडे. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, “दानीएल मास्तरांवरचा निर्बंध चुकीचा होता, असं उद्या उपासनेत मी सांगेन.” पंचांनी मान वर केली नाही.

मला वाटलं, झालं. पण मार्थाबाई अजून उभीच होती.

“उद्या मी प्रभुभोजन घेणार नाही,” ती म्हणाली. “या पोरीनं स्वतः दिलं तर घेईन. ती देणार नसेल तर कुणी तिला एक शब्द बोलायचा नाही.”

त्या दिवशी सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. सूड असा ताटात वाढून समोर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आई रात्री एवढंच म्हणाली, “तुझं तू बघ.” तिचा आवाज मात्र ‘देऊ नकोस’ असा होता.

रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून वडिलांचं नाव घेतलं. चार वर्षांत त्या भिंतींनी ते ऐकलं नव्हतं. मी रडले नाही. मार्थाबाई माझ्या डाव्या हाताला सतरंजीवर बसली होती. तिला तिथं मीच आणून बसवलं होतं. तिच्या पलीकडे पंचांची बायको.

आमच्याकडे भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरतं. जो तो आपला तुकडा घेतो आणि शेजारच्याकडे ताट देतो. ताट माझ्यापर्यंत आलं. मी माझा तुकडा घेतला. पंचांच्या बायकोनं मार्थाबाईच्या अंगावरून हात लांब केला, ताट घ्यायला. तिनं काय ते गृहीत धरलं होतं, आणि त्यात तिचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

मार्थाबाई समोर तोंड करून बसली होती. ताट आल्याचं तिला आवाजावरून कळलं असणार. तिचे दोन्ही हात मांडीवर उपडे होते. तिनं ते हलवले नाहीत.

त्या आठ महिन्यांत वडील रोज संध्याकाळी ओसरीवर बसायचे. चर्चमध्ये गायनाचा सराव चालू झाला की उठून आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. ते दार मला दिसत होतं. मागं कुणीतरी खोकलं. ताट जड नव्हतं, तरी माझं मनगट दुखायला लागलं.

मी तिचा हात ओढून घेतला, जोरात. तो उलटा केला, एक तुकडा उचलला आणि तिच्या तळहातावर अंगठ्यानं दाबून बसवला. तिला दुखलं असेल. दुखावं असंच मला वाटत होतं.

“घ्या,” मी म्हटलं.

ती तो तुकडा खाईपर्यंत मी थांबले. मग ताट पुढं दिलं.